लिंबाजीचे पाच शिक्के

नांगरडोंगराच्या पायथ्याला कुसवडे म्हणून गाव, आणि त्या गावात लिंबाजी म्हणून एक भोळा गडी. भोळा म्हणजे किती? तुम्ही सांगावं आणि त्यानं तेच करावं, इतका. तेवढ्यानंच घात व्हायचा.

एकदा त्याच्या बायकोनं, झुंबरनं, अंगणात भात वाळत घातलं. पाण्याला जाताना म्हणाली, "अहो, इथं बसा. कोंबड्या आल्या की हाकला."

लिंबाजी बसला. कोंबड्या आल्या, त्यानं हाकलल्या. मग शेजारणीची शेळी आली. एकटी नाही, दोन करडं घेऊन आली. तिघांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. लिंबाजी कौतुकानं बघत बसला.

झुंबर आली, घागर आपटली. "अहो, हे काय?"

"तू कोंबड्या म्हणालीस. ही शेळी आहे."

झालं. झुंबरनं गाठोडं बांधलं. "एक काम धड पुरं करून दाखवा," म्हणाली, "मग या मला न्यायला माझ्या बापाच्या दारात. तोवर बसा शेळीला घेऊन." आणि गेली डोंगरापलीकडं वाळंजेवाडीला, माहेरी.

लिंबाजी खुळ्यागत दारात बसून राहिला. जेवण गोड लागेना. भाकरी करायला गेला तर तवाच भाजून निघायचा. झुंबर पाहिजे तर काम पुरं पाहिजे, आणि पुरं होणारं काम त्याला काही सापडेना.

त्याच आठवड्यात तालुक्याहून कुंदाताई आल्या. शाळेत कवायत शिकवायच्या, आता गळ्यात शिट्टी अडकवून लोकांना डोंगर चढवायच्या. चावडीपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "हिवाळी पाच वाटा! पाच रविवार, डोंगराच्या पाच वाटा. दर वाटेला माथ्यावर कार्डावर एक शिक्का."

लिंबाजीनं हात वर केला. "हे पुरं होतं का हो?"

"पाच शिक्के झाले की पुरं."

"मग माझं नाव लिहा."

लोक खो खो हसले. लिहिलं बाईंनी नाव.

पहिल्या रविवारी कुंदाताईंनी शिट्टी मारली. "एका ओळीत चला. पुढच्या माणसाच्या मागं राहायचं. तो जाईल तिथून जायचं. वाट सोडायची नाही."

लिंबाजीच्या पुढं पोस्टमास्तर होते, अंगानं गोलमटोल. सकाळी दोन तांबे ताक पिऊन आलेले. अर्ध्या वाटेत त्यांच्या पोटानं हाक दिली. ते गुपचूप बाजूला सरकले, करवंदीच्या जाळीमागं जाऊन बसले. शेजारी बघतात तर लिंबाजी बसलेला.

"तू काय करतोस इथं?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

मास्तर तसेच उठले, दुसऱ्या जाळीमागं गेले. लिंबाजी तिथंही गेला. आणि लिंबाजीच्या मागं कोण? सगळी ओळ! बत्तीस माणसं, पाठीवर पिशव्या घेऊन, करवंदीभोवती शिस्तीत उभी. मास्तरांना उठताही येईना आणि बसताही येईना.

कुंदाताईंनी लिंबाजीला बाजूला घेतलं. "अरे, माणूस आडोशाला बसला की लांब उभं राहावं. पाठ करावी. त्यानं हाक मारेपर्यंत वळू नये. कळलं?"

"कळलं." आणि खरंच कळलं होतं, हेच तर वाईट. शिक्का मात्र मिळाला.

दुसऱ्या रविवारी माथ्यावर वारं काय सुटलं होतं! शिक्के मारायचं काम नारू शिंप्याकडं होतं. तो एका मोठ्या दगडाच्या आडोशाला घोंगडी पांघरून बसला. लिंबाजी धापा टाकत वर आला, बघितलं, आणि चटकन पाठ करून लांब उभा राहिला.

सगळ्यांचे शिक्के झाले. लोक उतरले. नारूनं भाकरी सोडली, खाल्ली. घटकाभर डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सामान आवरून बघतो तर लिंबाजी खांबासारखा उभा, तोंड दरीकडं.

"कधीपासून उभा आहेस रे?"

"तुम्ही बसलात तेव्हापासून." लिंबाजी अजून वळेना. "झालं का तुमचं?"

नारूनं कपाळावर हात मारला. शिक्का दिला, वर शहाणपणही दिलं. "मी दिसलो की पळत यायचं. कार्ड माझ्या नाकासमोर धरायचं. शिक्का बसल्याबिगर मला सोडायचं नाही."

"बरं."

आता नारूनं एवढंच सांगायला पाहिजे होतं की बाबा, डोंगरावर. नाही सांगितलं.

शुक्रवारी बाजार. नारू न्हाव्याच्या खुर्चीत मान मागं टाकून बसलेला, गालांना फेस. त्याची मिशी गावात एक नंबर. दोन्ही टोकं लिंबू ठेवावं अशी वळलेली. न्हावी वस्तरा घेऊन मिशीची कड कोरत होता. तेवढ्यात लिंबाजीला नारू दिसला. दिसला म्हणजे पळायचं. पळत आला, कार्ड नाकावर आणून आपटलं, आणि ओरडला, "शिक्का!"

न्हावी दचकला. डावी मिशी गेली.

नारू आरशात बघून जे ओरडला ते मी सांगत नाही, पोरं ऐकतायत. फेसासकट तो निघाला, तर लिंबाजीनं त्याचं धोतर धरलं. "शिक्का बसल्याबिगर सोडायचं नाही, तुम्हीच म्हणालात." सगळ्या बाजारातून वरात घरापर्यंत. शेवटी नारूनं लिंबाजीच्या कपाळावर शिक्का मारला, तेव्हा सुटका झाली.

रविवारी कुंदाताईंनी लिंबाजीचं कपाळ बघितलं, नारूची अर्धी मिशी बघितली आणि हसू गिळलं. "लिंबाजी, कुणाच्या अंगावर असं धावून जायचं नसतं. आधी विचारावं, 'येऊ का?' समोरचा 'हो' म्हणाला तरच पाऊल टाकावं."

"हो म्हणाला तरच," लिंबाजीनं पाठ केलं.

त्या दिवशीची वाट अवघड. एका उतारावर कुंदाताईंचा पाय सटकला. बाई घसरत गेल्या आणि एका झुडपाला धरून लोंबकळल्या. खाली म्हशींचं डबकं. जवळ होता एकटा लिंबाजी.

"लिंबाजी, हात दे!"

लिंबाजी अदबीनं उभा राहिला. "येऊ का?"

"अरे ये ना मेल्या!"

"हो म्हणा ताई."

"ये म्हणते ना! झुडूप निघतंय!"

"तुम्हीच सांगितलंय. हो म्हटल्याबिगर पाऊल टाकायचं नाही."

"होऽऽऽ!" बाई ओरडल्या, पण तो आवाज डबक्यातून आला. दोन म्हशींनी उठून त्यांना जागा करून दिली.

कुंदाताई चिखलानं माखून वर आल्या. शिट्टीतून आधी पाणी आलं, मग आवाज आला. "कुणी पडलेलं दिसलं तर विचारत बसायचं नाही! पाय दिसला तर पाय, धोतर दिसलं तर धोतर. धरायचं आणि ओढायचं!"

"आता नाही चुकणार," लिंबाजी म्हणाला. माथ्यावर नारूनं हात लांब करून, तोंड फिरवून तिसरा शिक्का मारला.

चौथी वाट देवीच्या ठाण्यावरून जायची. गावच्या सरपंच आप्पांचा नवस होता. घरात सून आली म्हणून देवीपुढं साष्टांग घालायला वर आले होते. नवं कोरं धोतर, कपाळाला भंडारा. आप्पांनी डोळे मिटले आणि देवीपुढं आडवे पडले.

लिंबाजी वळणावरून आला. बघतो तर माणूस पडलेला!

विचारलं नाही. पाय दिसले, पाय धरले, ओढला. आप्पा देवीपासून चार हात मागं आले. त्यांना वाटलं देवीचा कोप झाला. ते "चुकलं माय, चुकलं!" म्हणत पुन्हा पुढं सरपटले. लिंबाजीला वाटलं, हा अजून घसरतोय. त्यानं आता धोतर धरलं आणि जीव खाऊन ओढलं. आप्पा तिथंच राहिले. धोतर आलं.

आप्पांनी डोळे उघडून अशी काही आरोळी ठोकली की लिंबाजी घाबरून पळाला. शिक्क्यापाशी पळाला, शिक्का घेतला, तिथून खाली पळाला, घर गाठलं. धोतर हातातच. इकडं आप्पा कुंदाताईंनी वाटेवर लावलेला कापडी फलक कमरेला गुंडाळून डोंगर उतरले. पाठीमागं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: सर्वांनी आनंदाने सहभागी व्हावे.

संध्याकाळी कुंदाताई दारात. रागानं लाल.

"लिंबाजी, हा शेवटचा नियम. हा मोडलास तर पाचवा शिक्का नाही, चारही रद्द. आपण जे बरोबर नेलं तेवढंच डोंगरावरून खाली आणायचं. वर जे काही भेटेल ते वरच ठेवायचं. पान असो, फूल असो, धोतर असो. कितीही आवडलं तरी ठेवायचं!"

"कितीही आवडलं तरी?"

"कितीही!"

चारही रद्द म्हटल्यावर लिंबाजीचा जीव खालीवर झाला. रात्रभर घोकत बसला.

शेवटचा रविवार. पाचवी वाट थेट नांगरडोंगराच्या माथ्यावर, जिथून पलीकडं वाळंजेवाडीची कौलं दिसतात. लिंबाजी काठी, पंचा, पाण्याची बाटली आणि कार्ड घेऊन निघाला. कुणाच्या मागं जाळीत गेला नाही, कुणाला ओढलं नाही. माथ्यावर नारूसमोर उभा राहिला. नारूनं उरलेली मिशी हातानं झाकली आणि पाचवा शिक्का मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तरांनीसुद्धा वाजवल्या, जरा लांबून.

आणि गर्दीतून पुढं कोण आलं? झुंबर! नवं लुगडं, काखेत गाठोडं, डब्यात घावनं. तिला माहेरी खबर लागली होती, की नवऱ्याचे चार झाले, पाचवा आज. बाईमाणसाला धीर धरवेना. पहाटे उठून डोंगर चढून आली होती.

"बघू," म्हणाली. कार्ड हातात घेऊन पाचही शिक्क्यांवरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "केलंत की हो पुरं. चला आता घरी."

लिंबाजीला असा आनंद झाला की पायच हलेनात. तिच्याकडं बघितलं. मग काठीकडं बघितलं. पंचा, बाटली, कार्ड, सगळं बघितलं. पुन्हा झुंबरकडं बघितलं. फार आवडली. तोंड एवढंसं झालं त्याचं.

"काय झालं हो?"

"काही नाही. तू इथं बस." त्यानं सावलीतला एक सपाट दगड पंच्यानं झाडला आणि तिला हाताला धरून नीट बसवलं. गाठोडं शेजारी ठेवलं. घावनाचा डबा, नाकाला वास येत होता तरी, तिच्या मांडीवर परत ठेवला. "हलू नकोस. मी येतोच तुला न्यायला."

झुंबरला वाटलं, गडी पाणी आणायला निघाला. लाजून हसली आणि बसली.

लिंबाजी डोंगर उतरला. घरी आला, हातपाय धुतले, स्वच्छ टोपी घातली. यष्टी धरून, डोंगराला सगळा वळसा घालून, तिन्हीसांजेला वाळंजेवाडीत सासऱ्याच्या दारात उभा राहिला. कार्ड दोन्ही हातांत उंच धरलेलं.

सासरा कंदील घेऊन बाहेर आला. मागं बघितलं, पुढं बघितलं. "जावईबापू, तुम्ही एकटेच? आमची झुंबर पहाटेच वर गेलीय, तुम्हाला गाठायला. भेटली नाही का?"

"भेटली की," लिंबाजी म्हणाला. "फार आवडली. पण नियम म्हणजे नियम. वरच ठेवून आलो."

सासऱ्याच्या हातातला कंदील खाली पडला.

"ते राहू द्या मामा," लिंबाजी म्हणाला, "पाच शिक्के मोजून घ्या, आणि झुंबरला बाहेर बोलवा. न्यायला आलोय."