वाढत्या अंगाची सुरी

एक होता राजा. फार मोठा नव्हता, बरं का. एक डोंगर, डोंगरावर एक तळं, तळ्याकाठी थोडी घरं, एवढंच त्याचं राज्य. हत्ती नव्हते, घोडे नव्हते. होते ते ढग. आपल्याकडे गोठ्यात गाई बांधतात ना, तसे त्याच्या दारात ढग बांधलेले असायचे. पांढरे, करडे, आणि कोपऱ्यात एक-दोन मारके काळे.

त्या गावात सगळेच ढग राखायचे. राजाची पोरंसुद्धा. सकाळी ढगाच्या गळ्यात दोर अडकवायचा, त्याला उतारावरून खाली न्यायचं, कुणाच्या नाचणीवर, कुणाच्या वरईवर पिळायचं आणि ऊन चढायच्या आत परत आणून बांधायचं. ऊन चढलं की ढग हलका होतो. हलका झाला की वर ओढ घेतो. मग दोर सोडून द्यायचा. पण कधी कधी काय होतं, तो दोर मनगटाला नाहीतर पायाला वेढा घालतो. ओला दोर, ओली गाठ. सुटता सुटत नाही. ती कापावीच लागते, आणि पटकन कापावी लागते. ढग गेला तर जाऊ दे, माणूस खाली राहिला पाहिजे.

म्हणून ढगामागं जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला एक लहान सुरी असायची. रोज. आणि रीत अशी होती, की बारावं वरीस लागलं की पोरानं लोहाराकडे जायचं आणि आपली सुरी आपण निवडायची. मोठ्यांनी नुसतं सोबत जायचं आणि गप्प उभं राहायचं. आता तुम्हीच सांगा, मोठी माणसं गप्प उभी राहतात का कुठे?

राजाला दोन मुलं. थोरली हौसा. धाकटा नथू, ढगाच्या पोटात डोकं घालून शिंकत बसणारा. हौसाला बारावं लागलं. मग निघाली वरात लोहाराकडे. पुढे हौसाचे आजोबा, म्हणजे थोरले राजे. मागे राजा. त्याच्या मागे आत्याबाई. आणि कडेला, जिची सुरी ती हौसा.

शिदू लोहारानं घोंगडीवर सुऱ्या मांडल्या. हौसानं एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. मग एक उचलली आणि ठेवलीच नाही. चार बोटांचं पातं. साधी बाभळीची मूठ, तिच्या पंजात नेमकी भरणारी. पातं मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं, त्यामुळे हलायचं नाही की मिटायचं नाही. वर चामड्याचं म्यान. अंगठ्यानं जरा ढकललं की सुरी बाहेर. एका हाताचं काम. दुसरा हात तर दोरातच असतो ना.

"ही," हौसा म्हणाली.

"ही?" आजोबा हसले. "हिनं काय कांदा चिरायचाय?"

राजा म्हणाला, "दोन वर्षांत हात केवढा होईल पोरीचा. मग परत नवी? घ्यायची तर वाढत्या अंगाची घेऊ."

सदरा वाढत्या अंगाचा. वहाणा वाढत्या अंगाच्या, पुढे चिंध्या कोंबलेल्या. आता सुरीही वाढत्या अंगाची. त्या घरात पोरांना आजचा दिवस कधी मिळालाच नाही. सगळं उद्याच्या मापाचं.

मग आत्याबाई म्हणाल्या, "आणि मूठ तरी बघा हो. राजाच्या लेकीच्या कमरेला बाभूळ? चारचौघांत काय दिसेल ते!"

"पण आत्याबाई, मला हीच नीट धरता येते."

"तुला काय कळतंय?" आजोबा म्हणाले. "हे केस काय उन्हानं पांढरे झालेत?"

शिदू लोहार खाकरला. "महाराज, पोरीनं निवडायची रीत आहे."

"निवडतेच आहे की ती," राजा म्हणाला. "आम्ही फक्त सुचवतोय."

आणि हौसा गप्प बसली. बाभळीची सुरी तिनं हळूच घोंगडीवर ठेवली. आत्याबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, "शहाणी गं माझी बाय ती!"

इथं चुकलं, बरं का. इथं तिनं हट्ट करायला हवा होता. धुळीत लोळायला हवं होतं, हातपाय आपटायला हवे होते. पण तिला जन्मापासून एकच शिकवलेलं, मोठ्यांपुढं बोलायचं नाही. शहाणी मुलगी होती ना. शहाण्या मुलीला सगळे शहाणी म्हणतात आणि तिचं ऐकत कुणीच नाही.

मग घेतली सुरी. हातभर लांब. चांदीची जाडजूड मूठ, त्यावर मोर, मोराच्या गळ्यात घुंगरू. आख्खं गाव बघायला आलं. आजोबांनी ती सगळ्यांना दाखवली. हौसाला सगळ्यांत शेवटी मिळाली.

पहिल्या दिवशी ती सुरी बांधून हौसा ढगामागं गेली. म्यान पायांत आलं आणि ती उतारावरून गडगडत खाली. दोन्ही गुडघे फुटले. घरी येऊन आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "सवय होईल."

दुसऱ्या दिवशी सुरीच्या वजनानं परकराची नाडी खाली ओढली जायला लागली. एका हातात ढग, एका हातात परकर. राजाला सांगितलं. राजा म्हणाला, "उंची वाढली की बरोबर बसेल."

तिसऱ्या दिवशी तिनं सुरी म्यानातून काढून बघितली. हात पुरेना. हात संपला तरी पातं संपत नव्हतं. आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "उगाच कशाला काढतेस? शोभेला असू दे."

मग हौसानं स्टुलावर चढून सुरी खुंटीला टांगली. पाहुणे आले की ती खाली यायची, हातोहात फिरायची, "वा वा" व्हायचं, परत खुंटीला. हौसा ढगामागं जायची ती मोकळ्या कमरेनं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एकदा काय झालं, दिवस निघाला तोच कडक उन्हाचा. हौसानं एक छोटा पांढरा ढग घेतला होता. नथूचा लाडका, त्याला नथू कापशा म्हणायचा. नथू दोराशी खेळत खेळत चालला होता. ऊन तापलं. कापशा हलका झाला. दोर ताणला आणि नथूच्या पायाला वेढा बसला.

आधी नथू हसला. त्याला वाटलं, खेळच आहे. "ताई, बघ गं, मी उडतोय!"

हौसाचा हात कमरेला गेला. कमरेला काही नव्हतं.

मग तिनं दोर धरला. अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळली. दातांनी गाठ तोडायला बघितली. तुटेना. पायानं दगड ओढून घेतला, दोर त्यावर घासला. तुटेना. मग ती ओरडली, "सुरी! सुरी आणा कुणीतरी!"

बाकीची गुराखी, म्हणजे ढगाखी पोरं पलीकडच्या उतारावर होती. जवळ होते ते आजोबा, राजा आणि आत्याबाई, ओसरीवर पान खात. त्यांच्या कमरेला सुऱ्या नव्हत्या. पोट सुटलं की कमरेची सुरी टोचते, म्हणून केव्हाच काढून ठेवलेल्या. ते धावले. आधी खुंटीकडे धावले. मग स्टूल शोधलं, कारण खुंटी उंच होती, पोरांचा हात लागू नये म्हणून.

नथू आता हसत नव्हता. "ताई, सोडू नको गं."

तिनं सोडलं नाही, बरं का. दोरच तिच्या हातांतून निसटला, तळव्यांची साल घेऊन. कापशा वर गेला. नथू वर गेला. आधी एवढा, मग एवढा, मग टिकलीएवढा.

मोराची सुरी घेऊन तिघं धापा टाकत आले तेव्हा आभाळ साफ होतं.

आजोबांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? "तुझी सुरी कमरेला का नव्हती?"

"खुंटीला होती."

"बघा! एवढी मोठी घेऊन दिली आणि ही घरी ठेवून जाते."

"आजकालच्या पोरांना कशाची किंमतच नाही," आत्याबाई रडता रडता म्हणाल्या.

राजा काहीच बोलला नाही. बोलायला हवं होतं. आमचं चुकलं, एवढंच. ते त्याला मरेपर्यंत जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा हातांना फडकी गुंडाळून शिदू लोहाराकडे गेली. "शिदूकाका, ती बाभळीची सुरी?"

"गेली गं बाय. पलीकडच्या वाडीतल्या मेंढक्याच्या पोरीनं नेली."

"मग दुसरी करा."

"केवढी करू?"

हौसानं फडकं सोडलं आणि सोललेला हात पुढं केला. "एवढी. आजच्या मापाची."

शिदूनं केली. या वेळी सोबत कुणी आलं नव्हतं, म्हणून ती नीट झाली. मग हौसा राजाच्या दारात गेली. ऊन चांगलं तापलं होतं. पहिल्या ढगाचा दोर तिनं कापला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. पांढरे कापले, करडे कापले, मारके काळेही कापले.

"अगं, राज्य बुडवलंस!" आजोबा ओरडले. "थांब, सांगतोय ना मी!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांचं ऐकलं नाही. जाणाऱ्या एकेका ढगाला ती म्हणाली, "वर माझा नथू आहे. भित्रा आहे. त्याला एकटं ठेवू नका."

गेले सगळे ढग. तेव्हापासून ढग कुणाचेच नाहीत. येतात तेव्हा येतात, जातात तेव्हा जातात, कुणाच्या शेतावर बरसायचं ते त्यांचं ते ठरवतात. नथू वर मजेत आहे म्हणतात, ढगांच्या पोटात डोकं घालून शिंकतो म्हणतात. राजा सुखात राहिला. आत्याबाई सुखात राहिल्या. मोठ्यांना जमतं ते. हौसाचंही लग्न झालं, पोरंबाळं झाली, तीही सुखात राहिली असं म्हणायचं, कारण गोष्ट संपवायची असते.

पण तिच्या मनात एक राहिलंच. एवढे दोर कापले तिनं त्या दिवशी. कापायचा होता तो एकच, आदल्या दिवशीचा.

झालं. संपली. रडायचं नाही. पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा, झोपा आता.