तांबूचा अर्धा वेग

मालगाडीचे डबे एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका स्थानकात इंजिन डब्यांना ढकलून मोकळं सोडी. पुढे ज्याने त्याने आपल्या वेगावर मालधक्का गाठायचा. वाटेत थांबला, तो गवतात गंजला.

तांबू नावाचा डबा असाच सुसाट निघाला आणि वाटेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गंजोबावर धाडकन आदळला. दोघांचे जोडणीचे लोखंडी आकडे एकमेकांत अडकले. जोडी पुढे सरकू लागली खरी, पण तांबूचा वेग निम्म्यावर आला.

“आजोबा, माझा वेग चोरलात!” तांबू रडकुंडीला आला. “आता मी पोचणार कसा?”

“चोरू कशाला, पोरा? अर्धा तुझ्याकडे, अर्धा माझ्याकडे. बेरीज करून बघ की!”

तांबूने बेरीज केली. ती चोख जुळली, आणि त्याचा गोंधळ आणखीच वाढला. “काहीच गेलं नाही, तर मग एवढा आवाज कशातून निघाला? हा आकडा तापला कशाने?”

“ते बाबा मलाही कळत नाही,” गंजोबा म्हणाला. “इतक्या वर्षांनी मी आज चाललो, एवढंच कळतं.”

रखडत रखडत दोघे मालधक्क्याला टेकले. माणसं आकडा सोडवायला आली. त्याची ऊब अजून गेली नव्हती, आणि तांबूला वाटलं, इतक्यात नको.