सुरंगपाटचा साहेबखडक

सुरंगपाटच्या धक्क्यावर उभे राहिले की उजव्या हाताला, बंदराच्या तोंडापासून जरा बाहेर, एक उभा काळा खडक दिसतो. पाठ काळी, खांदे काळे, फक्त समोरची छाती पांढरीशुभ्र. गावात त्याला साहेबखडक म्हणतात. मुंबईहून येणारे पाहुणे त्याला पेंग्विन म्हणतात आणि फोटो काढतात. पांढरेपणा समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा आहे, असे शाळेतले मास्तर सांगतात. असेलही. पण मग बाजूच्या दोन खडकांवर हे पक्षी का बसत नाहीत?

विश्राम तांडेल सत्तरी ओलांडलेले आहेत, तरी पाहुण्यांना होडीतून खडकापर्यंत तेच नेतात. तिथे पोचले की ते इंजिन बंद करतात आणि गोष्ट सांगतात. सांगताना त्यांचा आवाज चढत जातो. ज्यांच्यावर राग काढायचा ती माणसे कधीच मातीला मिळाली, हे त्यांना कळते. पण राग काही जात नाही.

ही गोष्ट आगबोटींच्या काळातली. त्या वर्षी थंडीत एक मोठी पांढरी बोट किनाऱ्याकिनाऱ्याने आली होती म्हणे. तिला कुठे पोचायचे नव्हते, माल उतरवायचा नव्हता. तीनशे साहेब आणि मडमा तिच्यावर नुसत्या फिरायला निघाल्या होत्या. दिवसभर खायचे, आणि संध्याकाळी कपडे बदलून पुन्हा खायचे, एवढेच त्यांचे काम. त्या कपड्यांचा मात्र कडक कायदा होता. काळा कोट, खळ दिलेला पांढरा सदरा, ताठ कॉलर, गळ्याला काळा बो, पायात आरशासारखे बूट. यातले एक जरी कमी पडले तर लाटसाहेबाच्या मेहुण्यालाही जेवणघराच्या दारातून परत जावे लागे. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय!

हे सदरे ताठ करणारा माणूस सुरंगपाटचा होता. झिलू मडवळ त्याचे नाव. मडवळ म्हणजे आपला परीट. अकरा वर्षे तो बोटीवर साहेबांचे कपडे धूत होता. त्याच्या हातचा सदरा छातीवर टिचकी मारली तर फळीसारखा वाजायचा, असे सांगतात, आणि तो तसा वाजल्याशिवाय झिलू तो हातावेगळा करत नसे. कोणता कोट कोणत्या संध्याकाळी, कोणत्या सदऱ्याला कोणती बटणे, हे बोटीवरच्या साहेबांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होते. त्याचा त्याला अभिमान होता. तोच त्याला नडला.

त्याने धाकट्या भावाला, भिवाला, त्याच बोटीवर आगवाल्याची नोकरी मिळवून दिली होती. आगवाले बोटीच्या अगदी पोटात, भट्टीत कोळसा लोटत. भिवाचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. बायकोचे नाव सगुणा. ती नको म्हणत होती. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नव्हती, म्हणून तिने सासूकरवी विचारले, खाली काही झाले तर? झिलूने डोंगराच्या पायथ्याशी, गावदेवी सातेरीच्या देवळात शब्द दिला, "भिवाक माझ्या नजरेखाली ठेवतंय. तेचा काय ता माझ्यार."

त्या संध्याकाळी बोट सुरंगपाटच्या समोर आली. पाहुण्यांना किनाऱ्याची झाडी नीट दिसावी म्हणून कप्तानाने तिला नेहमीच्या मार्गापेक्षा किनाऱ्याजवळ घ्यायला सांगितले, आणि स्वतः कपडे करून जेवणघरात गेला. झिलू मागच्या डेकवर वाळलेले हातरुमाल गोळा करत होता. आपले गाव आले म्हणताना माणूस जसे बघतो तसे त्याने सातेरीच्या डोंगराकडे बघितले. दिवेलागण झाली होती. डोंगरावरची दीपमाळ पेटलेली असणार. पण दिवा दिसला नाही.

सुरंगपाटच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. डोंगरावरचा दिवा दिसतो तोवर खाली पाणी आहे. दिवा डोंगराच्या सोंडेआड गेला की खाली खडप आहे, म्हणजे पाण्यात दडलेला खडक. झिलूने हातरुमाल तिथेच टाकले आणि तो धावला.

आधी तो वर सुकाणूच्या खोलीकडे गेला. तिथे एकच धाकटा साहेब होता. झिलूने मोडक्या हिंदुस्थानीत सांगितले, बोट बाहेर घ्या, पुढे खडक आहे. साहेब म्हणाला, हा मार्ग कप्तानाने आखून दिला आहे, परटाच्या सांगण्यावरून मी तो बदलू? कप्तानाचा शब्द आण, लगेच वळवतो. यात त्याचेही अगदी चुकले असे नाही, असे विश्राम तांडेल म्हणतात, आणि मग होडीच्या काठावर मूठ आपटतात.

झिलू जेवणघराच्या दाराशी आला. दारावर पास्कू बटलर होता. पास्कू मालवणकडचा ख्रिस्ती, झिलूच्या रोजच्या बसण्याउठण्यातला, सुपारीची देवघेव असलेला.

"पास्कू, बोट खडपार जाता हा. माका कप्तानाक सांगूचा हा."

पास्कूने त्याला खालपासून वर बघितले. अनवाणी पाय, गुडघ्यापर्यंतचे धोतर, अंगात बंडी. "तुझो कोट खय हा?"

"कोट कसलो घेऊन बसलंस? तू जाऊन सांग मग!"

"सायब भाषण करता हा. मधी तोंड उघडलंय तर उद्या माका मुंबयत उतरवतील. रे, माका कळता. पण हुकूम म्हणजे हुकूम. कोट घालून ये, मगे मी स्वतः दार उघडतंय."

आता ऐकणारा प्रत्येक पाहुणा इथे एकच प्रश्न विचारतो. त्याने ढकलले का नाही? पास्कू काही पहिलवान नव्हता. दार काही किल्ल्याचे नव्हते. एक धक्का, दोन ढांगा आणि एक आरोळी, एवढेच लागत होते. विश्राम तांडेल म्हणतात, माझ्या आज्याने हाच प्रश्न त्याच्या आज्याला विचारला होता. उत्तर असे की झिलूला ते सुचलेच नाही. अकरा वर्षे तो कायदा त्याच्या हातांतून रोज इस्त्री होऊन जात होता. कोट नसेल तर आत जाता येत नाही, हे त्याला पाणी ओले असते तसे ठाऊक होते. तो वळला आणि कोट आणायला धावला.

तीन जिने उतरून तो धुलाईच्या खोलीत आला. इस्त्री केलेले कोट ओळीने टांगलेले होते. त्यातला एक अंगात घालून तो वर आला. पास्कूचा चेहरा रडवेला झाला. "झिलू, आत बंडी दिसता रे. सदरो खय? कॉलर खय?"

झिलू पुन्हा तीन जिने उतरला. सदरा चढवला, पाटलोण चढवली. आणि इथे, असे सांगतात, त्याच्या हातांनी त्याला दगा दिला. छातीची बटणे तो एक सोडून एक लावू शकला असता. कॉलर नुसती अडकवू शकला असता. पण वाकडी कॉलर घालून जेवणघरात जाणे म्हणजे आपलेच काम आपणच मातीत घालणे. त्याने चारही बटणे लावली. चौथे बटण बोटांतून निसटून टेबलाखाली गेले, ते त्याने गुडघ्यावर बसून शोधले आणि लावले. त्या खोलीच्या जमिनीखाली, आणखी दोन मजले खाली, भिवा भट्टीत कोळसा लोटत होता. खाली जाऊन त्याला हाक मारावी असेही एकदा त्याच्या मनात आले. पण आगवाल्याला हुकुमाशिवाय भट्टी सोडता येत नाही, आणि हुकूम तर वर जेवत होता.

तो वर आला. पास्कूने त्याच्या पायांकडे बोट दाखवले.

तिसऱ्या खेपेला त्याने बूट घातले. कोणा बारीक पायाच्या साहेबाचे होते ते. त्यांत पाय कोंबून तो लंगडत जिने चढला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते म्हणे. रागाचे, लाजेचे, की बुटाचे, ते कोणी सांगावे? पास्कूने आपल्या गळ्यातला बो सोडून त्याच्या गळ्यात बांधला, आणि दोन्ही दारे उघडून तो रीतीप्रमाणे कमरेत वाकला.

जेवणघरात बँड वाजत होता. कप्तानाचे भाषण संपून टाळ्या पडत होत्या. सगळ्यांनी दाराकडे बघितले. त्यांना कसलाच दोष दिसला नाही. कोट ठीक, कॉलर ठीक, बूट ठीक. कोणी संस्थानिक उशिरा आला असावा असे समजून कप्तान स्वतः उठला, हसला, आणि त्याने आपल्या बाजूची खुर्ची मागे ओढली. अकरा वर्षांत ज्याच्याकडे त्याने एकदाही बघितले नव्हते, त्याला तो हाताला धरून बसवू लागला. झिलूने एका दमात सांगितले, खडक, दिवा दिसत नाही, बोट वळवा. बँडच्या गोंधळात कप्तानाला ऐकू आले नाही. त्याने अदबीने कान पुढे केला.

तेवढ्यात बोट साहेबखडकाच्या पायथ्याच्या खडपावर चढली.

गावातल्या होड्या लगेच सुटल्या. साहेब आणि मडमा वरच्या मजल्यावर होत्या, त्यामुळे एकूण एक वाचल्या. पाणी आधी शिरले ते खाली, भट्टीत. सात आगवाले वर आलेच नाहीत. भिवा त्यातला एक.

उजाडताना सगळी वाळू काळ्या कोटांनी भरून गेली होती. गावाने त्यांना कोरडे पंचे दिले, बायकांची लुगडी दिली, पेज दिली. झिलू एका बाजूला बसून होता. एक साहेब त्याच्याजवळ आला, वाकून बघू लागला, आणि म्हणाला, हा कोट माझा आहे. झिलूने तो काढला. पिळला. झटकला, बाही बाहीवर ठेवून घडी केली, आणि दोन्ही हातांनी साहेबाला दिला. साहेब थँक्यू म्हणाला.

मग सगुणा आली. तिने ताठ सदऱ्यातल्या, गळ्यात बो बांधलेल्या दिराकडे बघितले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली.

"भावजी, दिवो दिसना नाय ह्या तुमका कळला होता. मगे इतको वेळ तुमी खय होतात?"

झिलू म्हणाला, "कपडे घालीत होतंय."

पुढे चौकशी झाली. धोक्याची सूचना वेळेवर कोणी दिली नाही, असा निकाल झाला म्हणे. साहेबखडकाची छाती त्याच सकाळपासून पांढरी झाली, असे गाव मानते. झिलूने पुन्हा खळ शिजवली नाही. वर्षभर तो कोणाच्याही घरी जेवला नाही. ज्या दारात कपडे बघतात तिथला घास मला नको, आणि कपडे न बघणारे दार मला माहीत नाही, असे तो म्हणे.

वर्षाने सातेरीची समाराधना आली. देवळाच्या अंगणात साऱ्या गावाची पंगत बसली. तेव्हा पास्कू मालवणहून चालत आला. अंगणाच्या दारात उभा राहून त्याने गावकऱ्यांना विनवले की आजच्या दिवस मला इथे दारावर राहू द्या. ख्रिस्ती माणूस देवीच्या दारात कसा, म्हणून कुजबुज झाली. सगुणा भात वाढत होती. ती म्हणाली, "ऱ्हवांदे." मग गावकऱ्यांनी त्याला दारावर उभे राहू दिले.

झिलू आला तो नुसत्या पंच्यावर, उघडा. दारावर पास्कूला बघून तो परत वळू लागला. पास्कूने या वेळी त्याच्या कपड्यांकडे बघितलेही नाही. दोन्ही हात जोडून त्याने विचारले, "झिलू, काय सांगूचा हा?"

झिलू अंगणात शिरला. मग जे वर्षापूर्वी सांगायचे होते तेच तो साऱ्या पंगतीसमोर मोठ्याने ओरडला. "दिवो दिसना नाय!" आणि हातातला घास टाकून, लहानथोर, मानकरी, पुजारी, सगळे पानावरून उठले आणि डोंगराकडे बघू लागले. दिवा होता. तरी ते बघत राहिले. मग सगुणेने झिलूसाठी पान मांडले.

आजही सुरंगपाटच्या समाराधनेला दारावर पास्कूच्या घरचा माणूस असतो. येणारा चिखलात आला असो, जाळ्यावरून उठून आला असो, त्याला आधी विचारतात, काय सांगूचा हा? बहुतेक लोक भिडेखातर "काय नाय" म्हणतात, म्हणून दोनदा विचारायची रीत आहे. पंगत बसली, भात वाढला, की मडवळांच्या घरातला थोरला उठून ओरडतो, आणि चारशे माणसे भरल्या पानावरून उठतात. परगावच्या पाहुण्यांची यावर नेहमी कुरकुर असते. भात निवतो, आमटीवर साय धरते. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी विश्राम तांडेलांना वैतागून विचारले, अहो, दिवा तर चांगला दिसतोय, मग दरवर्षी हा खटाटोप कशाला?

तांडेल त्यांच्यावर चिडले.

"उठान बघितलात," ते म्हणाले, "म्हणान दिसलो."