जात्याची जात

प्रणिता ढवणनं आईच्या आणि मावश्यांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. मौखिक परीक्षेला परीक्षक म्हणून आले डॉ. खांबेटे. त्यांच्यापुढे विभागप्रमुखसुद्धा उभे राहून बोलतात.

बसता बसताच सरांनी तोफ डागली. "चॅटबॉट वापरलात ना?"

"हो सर. माझा प्रबंध वाच आणि मला आडवेतिडवे प्रश्न विचार, असं त्याला सांगायचे. उत्तरं माझी मीच द्यायचे."

"शॉर्टकट! तुमच्या पिढीला डोकं चालवायचाच कंटाळा," असं म्हणत सरांनी आपला मोबाइल उचलला, चष्मा सावरला आणि पडद्यावरचा पहिला प्रश्न वाचला. "तुमच्या ओवीतली बाई 'जातं ओढते'. म्हणजे ती दुसऱ्याची जात खाली ओढते. या जातिभेदावर तुम्ही मौन का बाळगलंत?"

दळायचं दगडी जातं खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण सरांना सांगणार कोण?

"सर, हाच प्रश्न चॅटबॉटनं मलाही विचारला होता," प्रणिता म्हणाली. "मी म्हटलं, अरे बाबा, जातं म्हणजे दळायचं. त्यानं लगेच माफी मागितली."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी माफी मागितली नाही. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि अहवालात लिहिलं, 'जातिभेदावर एक प्रकरण वाढवून प्रबंध पुन्हा सादर करावा.'

प्रणिता सध्या ते प्रकरण लिहितेय. वाचणार खांबेटे सरच आहेत, म्हणजे वाचणार कोणीच नाही.