दोघींनाही मास्टर केले तेव्हा

एकदा एक धान्याचा व्यापारी आपला जुना संगणक आणि टॉवेलात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क घेऊन एका वृद्ध शिक्षकांच्या दारी आला. निवृत्तीनंतर हे शिक्षक तालुक्याच्या गावी संगणकदुरुस्ती शिकवीत. त्या वेळी ते बाहेर गेले होते आणि त्यांचा शिष्य एकटाच कामावर होता.

“ही आमच्या मंडळींची डिस्क,” व्यापारी म्हणाला. “तिचा कम्प्युटर बिघडला, नि पाठोपाठ तीही गेली. मुलगी सांगते, आई यात ओव्या म्हणून ठेवायची. आता वर्षश्राद्ध आलंय. तिचा आवाज एकदा ऐकायचाय हो. माझ्या डिस्कशेजारी एवढी बसवून द्या.”

शिष्याने काम समजावून सांगितले. अशा जुन्या यंत्रात एकाच चपट्या केबलला दोन डिस्क जोडायच्या, तर एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवावे लागते. त्यासाठी डिस्कच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढी एक टोपी असते. ती जागेवरून हलवली की झाले. “तुमची डिस्क मास्टर राहील, बाईंची स्लेव्ह.”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “स्लेव्ह म्हणजे दासीच ना? जन्मभर तेच केलं तिनं. आता तरी नको.”

शिष्याला भरून आले. इथे खरे तर त्याने ठाम राहायला हवे होते. पण दया आली की माणूस शिकलेले विसरतो. त्याने दोन्ही डिस्क मास्टर केल्या आणि बटण दाबले. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: डिस्क सापडत नाही. बाईंची नाही आणि व्यापाऱ्याचीही नाही.

व्यापारी मटकन खाली बसला. “गेली का हो ती?”

तेवढ्यात शिक्षक परतले. उघड्या यंत्रात डोकावताच त्यांना चूक दिसली. “अरे, दोघींनाही मालकीण केलंस? एकाच तारेवर दोघी एकदम बोलायला लागल्या, तर यंत्राला काय कळणार?” बाई जन्मभर दासीच राहिली, हे व्यापाऱ्याचे बोल शिष्याने सांगितले. ते ऐकून शिक्षकांनी एक विचित्र गोष्ट केली. पाहुणी म्हणून आलेली बाईंची डिस्क तशीच मास्टर ठेवली आणि व्यापाऱ्याच्या डिस्कची टोपी हलवून तिला स्लेव्ह केले.

“सर, यंत्र यांचं, नि यांचीच डिस्क स्लेव्ह?” शिष्याने विचारले. शिक्षकांनी बटण दाबले.

नवरा-बायकोचे संगणक एकाच वेळी घेतलेले, अगदी एकसारखे होते. त्यामुळे बाईंच्या डिस्कवर ते यंत्र सुरू झाले. पडद्यावर त्यांनी लावलेले जास्वंदीचे चित्र आले. त्याच्या कोपऱ्यात ओव्यांच्या फाइली होत्या.

शिष्याने पहिली लावली. आवाज बारीक होता, पण गोड होता. व्यापाऱ्याने डोळे मिटले. दुसरी ओळ सुरू झाली न झाली, तोच त्या मुद्रणातच मागून एक पुरुषी हाक ऐकू आली, “अगं ए, काय लावलंयस? चहा टाक आधी!” आणि ध्वनिमुद्रण थांबले.

दुसरी ओवी लावली. “माझा चष्मा कुठाय?” तीही तिथेच संपली. तिसरीवर “पुरे आता!” असे ऐकू आले. एकही ओवी पुरी नव्हती, आणि प्रत्येक वेळी मधे येणारा आवाज कोणाचा, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे लागले नाही.

“शेठ, तेवढा आवाज कापून देता येईल,” शिष्य हळूच म्हणाला.

“माझा आवाज कापाल हो,” व्यापारी म्हणाला. “पण पुढची ओवी कुठनं आणाल?”

त्याने यंत्र उचलले आणि तो निघून गेला. शिक्षक त्याला दारापर्यंत सोडून परत आले. मग म्हणाले, “स्लेव्ह म्हणजे हलकी नव्हे रे. दोघींत सारखंच मावतं. आधी कुणी बोलायचं नि कुणी थांबायचं, एवढंच ठरवायचं असतं. इथे कुणालाही मास्टर केलं असतं तरी चाललं असतं. पण बाई जन्मभर दासीच राहिली, हे तूच सांगितलंस ना मला? म्हटलं, आज एकदा ती आधी बोलू दे, हा थांबू दे. तिच्याजवळ बोलायला एवढंच उरलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.”

 शिष्याने टेबलावर राहिलेला टॉवेल घडी करून ठेवला.

तुमच्या घरात कोणी गुणगुणत असेल, तर चहा जरा उशिरा मागा.