अगाफ्याच्या मुलाची डबी

“मग मी माझं नाव घालायचं तरी कधी, बाबा?”

ग्लेबनं पुन्हा विचारलं. येफिमबाबा चहा पीत राहिले.

रशियातलं ते खेडं रोगणाच्या डब्यांचं. कागदाच्या लगद्याची डबी, वर काळं चकचकीत रोगण आणि झाकणावर इवलासा चेहरा. चेहऱ्याखाली सोनेरी रंगात शिष्यानं आपलं नाव घालायचं, ते गुरूनं हो म्हटल्यावरच. ग्लेबला त्या होकाराची भलतीच घाई झाली होती.

घाई व्हावी असंच काम होतं म्हणा. विधवा अगाफ्याचा मुलगा नदीत बुडाला होता. तिनं सांगितलेल्या खाणाखुणांवरून ग्लेबनं तो झाकणावर उतरवला होता. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं पापणीचा केस न् केस काढला होता.

“अगाफ्याला येऊ दे,” बाबा म्हणाले.

ती आली. डबी उजेडात धरून तिनं निरखली.

“अगंबाई, काय या पापण्या! आणि गळ्यावरचं हे भरतकाम! पोरा, जादू आहे रे तुझ्या हातात!”

ग्लेब हुरळून गेला.

“डबी राहू दे इथंच,” बाबा तिला म्हणाले. “पुढच्या रविवारी ने.”

ती जाताच ग्लेब उसळला. “एवढं कौतुक केलं तिनं!”

“केलं ना. तुझं केलं.”

…

बाबांनी चेहऱ्यावर रोगणाचा पातळ हात दिला. तो वाळल्यावर ग्लेबच्या तळहातावर दगडाची मऊ पूड ओतली.

“घास.”

यात नवीन काही नव्हतं. रोगणाचा प्रत्येक थर तळहातानं घासून सपाट करायचा, ही तिथली रीतच. पण बाबा थांब म्हणेनात. रोगण झिजलं. मग पापण्या विरल्या, भरतकाम पुसट झालं. ग्लेबच्या डोळ्यांना धार लागली. जीव ओतून केलेलं काम आपल्याच हातानं पुसायचं, याहून वाईट शिक्षा नसेल.

“अजून?”

“थोडं अजून… बास.”

वरून शेवटचं रोगण बाबांनी स्वतः चढवलं.

रविवारी अगाफ्या आली. तिनं झाकणाकडे पाहिलं. मग चित्रातल्या त्या गालावरून हळूच अंगठा फिरवला.

“झोप झाली नाही का रे नीट?” ती पुटपुटली. “चल, घरी चल.”

डबी शालीत गुंडाळून, छातीशी धरून ती निघाली. ग्लेबकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आभार तर दूरच, दारही उघडंच टाकून गेली.

ग्लेब त्या दाराकडे बघत बसला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

येफिमबाबांनी सोनेरी रंगाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“घाल नाव.”

“कुठं घालू, बाबा? डबी तर ती घेऊन गेली…”

“म्हणून तर हो म्हणतोय.”