म्हाळू रडार राखतो

कोरडवाडीत म्हाळू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणायचं आपलं चारचौघांत. सांगितलं तेवढंच करायचा, पण तेवढंच गावाला पुरून उरायचं.

गावाच्या माळावर लष्कराची छावणी पडली. ड्रोनच्या पोटाला बांधायचं रडार तिथं तपासायचं होतं. ते आभाळातून खाली बघणार आणि शत्रू हलला की सांगणार. मंजिरीबाई नावाच्या इंजिनीअरनं घासून घासून ते इतकं हलकं केलं होतं की त्यापेक्षा तान्हं पोर जड. एवढ्या शहाण्या वस्तूला राखणदार हवा होता. छावणीच्या सुभेदारांनी अख्ख्या गावातून म्हाळूच निवडला. निवडणाऱ्यांचं डोकं असंच चालतं.

बायको चांगुणा म्हणाली, "ही नोकरी घालवलीत तर घराची पायरी चढायची नाही."

"मग उडी मारून येऊ?" म्हाळूनं विचारलं.

पहिल्या दिवशी सुभेदार म्हणाले, "इथं बसायचं. कुंपणावर नजर ठेवायची."

म्हाळू बसला. दोन माणसं आली, कुंपणाची तार गुंडाळली आणि खांद्यावर टाकून गेली.

"तू काय करत होतास रे?"

"नजर ठेवली होती, साहेब. ते ओढा ओलांडून जाईस्तोवर काढली नाही."

"अरे बाबा, काही हललं की ओरडून सांगायचं. रडार सांगतं तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंड्याला सलामी होती. सगळे ताठ, चिडीचूप.

"साहेब, झेंडा हलला," म्हाळू ओरडला. "साहेब, तुमचं पोट हललं. साहेब, परत हललं."

सुभेदार दात खाऊन म्हणाले, "आपलं हललं तर गप्प बसायचं. परक्याचं हललं तर बोलायचं."

"हे आधी सांगायचं ना, साहेब."

दुपारी उतारावर उभी केलेली सुभेदारांची जीप हळूच निघाली. म्हाळूनं नीट निरखून बघितलं. आपलीच होती. तो गप्प बसला. जीप ओढ्यात जाऊन बसली.

"आपलं काही जायला लागलं," सुभेदार एकेक शब्द तोडत म्हणाले, "तर दगड लावायचा, बांधून घालायचं, पण जाऊ द्यायचं नाही. आता काही झालं तर तुझी नोकरी गेली."

"कळलं, साहेब. जाऊ द्यायचं नाही."

मग बडे साहेब आले. रडार घ्यायचं की नाही ते त्यांच्या मर्जीवर. मांडव पडला, खुर्च्या आल्या, काजू आले. काजूशिवाय देशाचं रक्षण होत नाही.

म्हाळूनं हळूच विचारलं, "बाई, हे ड्रोन आपलंच ना?"

"आपलंच की," मंजिरीबाई म्हणाल्या.

"आणि जाणार?"

"चहा झाला की लगेच. बघा कसं झोकात जातं."

 म्हाळूची नोकरी धोक्यात होती. मंडळी चहाला गेली, तसा तो स्वयंपाकाच्या तंबूत शिरला. पाटा, वरवंटा आणि सुंभ घेऊन आला. वरवंटा ड्रोनच्या पोटाखाली, पायांना करकचून बांधला.

मंडळी परत आली ती थेट टीव्हीसारख्या पडद्यासमोर. त्यावर रडारला काय दिसतं ते दिसणार होतं. रडारकडे कोण बघतंय?

ड्रोन घरघरलं. गुडघाभर उठलं, कलंडलं आणि पोटावर आपटलं. खाली वरवंटा, वर ड्रोन, मधे रडार. चटणी झाली.

"कुणी केलं हे?" बड्या साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब. जायला लागलं होतं. जाऊ दिलं नाही."

मंजिरीबाई रडारचे तुकडे वेचायला लागल्या. बडे साहेब 'जातो आता, जातो' म्हणत खुर्चीतूनच सुभेदारांना झापायला लागले. चांगलं पोटभर झापलं. शेवटी म्हणाले, "बस झालं. मी निघालो." उठले, पाऊल टाकलं आणि सगळ्यांदेखत तोंडावर पडले. पायाला पाटा होता.

"आपलेच साहेब ना?" म्हाळू सुंभाची गाठ चाचपत सुभेदारांना म्हणाला. "यांनाही जाऊ दिलं नाही. नोकरी राहिली ना माझी?"